चेनप्लेट उपटली! २२ फुटी फायबरच्या शिडाच्या बोटीचं बल्कहेड कुजलंय, मजबूत दुरुस्ती कशी करावी?

खारावारा (२४ मे)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. लांब आहे पण प्लीज पूर्ण वाचा.

आमची बोट २२ फुटी, फायबरची, चाळीसेक वर्षं जुनी, आम्ही तिघा मित्रांनी मिळून घेतलेली. ऑक्टोबर ते मे गेटवेसमोर मूरिंगवर, म्हणजे पाण्यातच बांधून ठेवलेली असते आणि पावसाळ्यात बाहेर काढून ताडपत्रीखाली ठेवतो. गेल्या रविवारी मांडव्याहून परत येत होतो, दुपारचे साडेतीन झाले असतील, वायव्येचा वारा चढलेला, बोट चांगली कललेली, मेन (मोठं शीड) आणि जिब (पुढचं शीड) दोन्ही वर. एकदम केबिनच्या आतून कट्ट असा आवाज आला, लाकूड मोडल्यासारखा. वर बघतो तर डोलकाठीचं टोक उजवीकडे झुकलेलं आणि डोलकाठीला बाजूने धरणारी तार म्हणजे शराउड, त्यातला डावीकडचा, वाऱ्याच्या बाजूचा, जो तारेसारखा ताठ हवा तोच लुळा पडलाय. सुकाणूवर जो मित्र होता त्याने काही न विचारता लगेच बोट फिरवली, म्हणजे वारा उजव्या बाजूने आला आणि सगळा ताण उजव्या शराउडवर गेला, म्हणून डोलकाठी वाचली असं मला वाटतं. मग मेन उतरवला, जादाचा हॅलियार्ड (शीड वर चढवायचा दोर) डाव्या बाजूला रेलच्या पायाशी बांधून ताणला आणि आउटबोर्डवर हळूहळू घरी आलो.

आत लायनिंग काढून बघितलं तर चेनप्लेट बारा-तेरा मिलिमीटर वर सरकलीय. ती ज्या बल्कहेडला चार बोल्टांनी जोडलीय त्या प्लायमध्ये स्क्रूड्रायव्हर लोण्यात जावा तसा जातोय, बोल्टांची भोकं लांबट झालीत. तिथे केबिनच्या भिंतीवर तपकिरी ओघळ दोन वर्षांपासून दिसत होता, दरवेळी आम्ही डेकवरून सिलिकॉन मारलं आणि विषय संपवला. ते आता फार लागतंय मनाला.

तर मला विचारायचंय की प्लाय पूर्ण बदलायचा की कुजलेला तुकडा काढून भागेल, जुनी चेनप्लेट परत वापरावी का, आणि हे नुसतं पूर्वीसारखं करण्यापेक्षा जास्त मजबूत कसं करता येईल. वेळ आहे, बोट ३० तारखेला क्रेनने बाहेर येतेय.

तांडेल६२ (२४ मे)

पहिली गोष्ट, तुमच्या सुकाणूवरच्या मित्राला माझा सलाम सांगा. वाऱ्याकडचा शराउड गेला की विचार करायला तीन-चार सेकंद असतात, तेव्हा बोट फिरवून ताण दुसऱ्या बाजूला टाकणं हा एकच उपाय, आणि तो हातातून आपोआप व्हावा लागतो. मी नौदलात पोरांना हेच घोटून शिकवलं.

दुसरी गोष्ट, मूरिंगवर असतानाच डोलकाठी उतरवा, क्रेनची वाट बघू नका. आत्ता ती एका हॅलियार्डवर उभी आहे आणि मेच्या शेवटी वळीव कधी येईल सांगता येत नाही. डोलकाठी पडली तर पडून गप्प राहत नाही, तारांना लटकून हलला, म्हणजे बोटीच्या अंगाला, ढुशा देते. सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या नौदलाच्या अभिलाष टॉमींची बोट 'थुरिया' दक्षिण हिंदी महासागरात वादळात उलटली आणि डोलकाठी गेली, तिथे कारण वेगळं होतं पण डोलकाठी गेलेली बोट म्हणजे काय ते साऱ्या देशाने बघितलं.

तिसरी, उजवीकडची चेनप्लेट ठीक आहे असं समजू नका. दोन्ही एकाच दिवशी बसवल्या असतील, एकच पाऊस दोघींनी खाल्लाय. डोलकाठीची पुढची तार जिथे अडकते ती स्टेमहेड फिटिंग आणि मागच्या तारेची, म्हणजे बॅकस्टेची पण काढा. सगळं काढा.

नवखी_शिडात (२५ मे)

मी यंदाच शिकायला लागलेय, प्रश्न अगदी प्राथमिक असेल तर माफ करा. चेनप्लेट म्हणजे नक्की काय? त्यात चेन तर दिसत नाही कुठे.

तांडेल६२ (२५ मे)

ताई, प्रश्न चांगला आहे. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तारेचे ताण असतात ते शराउड. शराउडच्या खाली टर्नबकल, म्हणजे ताण कमीजास्त करायचा आट्यांचा जोड, आणि टर्नबकल ज्या स्टीलच्या पट्टीत पिनने अडकतो ती पट्टी म्हणजे चेनप्लेट. ती डेकमधल्या फटीतून आत जाते आणि बल्कहेडला, म्हणजे बोटीच्या आडव्या भिंतीला बोल्टने जोडलेली असते. काही बोटींत ती हलच्या बाहेरून असते. जुन्या मोठ्या जहाजांवर इथे खरोखर साखळ्या आणि लोखंडी पट्ट्या असायच्या, नाव तिथून राहिलं.

आपल्या कोकणातल्या मचव्यांवर बघा, तिथे असा कायमचा शराउड नसतोच. वारा ज्या बाजूला त्या बाजूला दोर नेऊन ताणायचा, बोट फिरवली की दोरही फिरवायचा. त्यामुळे दोराचं टोक कुठे आणि कसं बांधलंय हे खलाशाच्या हाताखालून रोज जायचं. आपल्या फायबरच्या बोटीत ते टोक लायनिंगच्या मागे बंद, दहा-दहा वर्षं कोणी बघत नाही.

चेसापीककाठ (२५ मे, रात्री उशिरा)

मी अमेरिकेत मेरीलँडला असतो, अ‍ॅनापोलिसजवळ, माझी २५ फुटी आहे. खारावारा, तुमचं वाचून पोटात गोळा आला कारण चार वर्षांपूर्वी मी अगदी याच जागी होतो, फक्त माझी चेनप्लेट उपटायच्या आधी हाती लागली.

जुनी चेनप्लेट परत वापरू नका, निदान तपासल्याशिवाय तर नाहीच. स्टेनलेस गंजत नाही हा समज घातक आहे. त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तो त्याला वाचवतो, आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. उघड्यावर वारा लागतो तिथे पट्टी चाळीस वर्षांनीही चकचकीत. पण डेकच्या फटीत, सीलंटच्या मागे, जिथे खारं पाणी शिरतं आणि साचून राहतं तिथे ऑक्सिजन संपतो, थर तुटतो, मिठातलं क्लोराइड आत शिरून बारीक खड्डे पाडतं, आणि त्या खड्ड्यातून चीर सुरू होते. म्हणजे दिसतो तो भाग चांगला आणि डेकच्या जाडीत लपलेला एक-दीड इंच खराब, नेमका तिथेच ताण जास्त. तुमच्याकडे पाणी वर्षभर कोमट, त्यात हे सगळं आणखी लवकर होतं.

माझी काढली तेव्हा वरून आणि खालून नवी वाटत होती, मधे डेकच्या उंचीला तपकिरी पट्टा. डाय पेनिट्रंटचा स्प्रे आणला, तीन डब्यांचा सेट असतो. आधी क्लीनरने पुसायचं, मग लाल डाय मारून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, मग वरवरचा लाल फडक्याने पुसून काढायचा (क्लीनर फडक्यावर घ्यायचा, थेट पट्टीवर मारायचा नाही, नाहीतर चिरेतलाही निघून जातो), मग पांढरा डेव्हलपर. दोन मिनिटांत पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली, रुंदीच्या एक तृतीयांश पर्यंत. मी त्या पट्टीच्या भरवशावर बायकोमुलीला घेऊन खाडीत फिरत होतो.

फायबरवाला_मालवण (२६ मे)

मी मालवणचो, आमचं फायबरचं काम आहे, मासेमारीच्या आणि पर्यटनाच्या होड्या करतो. शिडाचं फारसं करत नाही पण कुजलेला प्लाय आणि फायबर हे रोजचं.

प्लायचं सांगतो. कुजलेला दिसतो त्याच्या पुढे चांगल्या दिसणाऱ्या भागात पण ओल गेलेली असते, त्यामुळे हातोडीने ठोकत ठोकत जा, टणक आवाज येतो तिथून अजून चार इंच पुढे कापा. वरवर रेझिन पाजून कुजलेलं लाकूड घट्ट होतं असं लोक म्हणतात, तुमका सांगतंय, जिथे टनाचा ओढ आहे तिथे ते अजिबात करू नका. आणि मरीन प्लायच घ्या, आयएस ७१० चा शिक्का बघून. दुकानदार बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारा पण मरीन नसलेला प्लाय) देऊन तेच आहे म्हणेल, ते स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ठीक.

आता रेझिन. आम्ही होड्यांना पॉलिएस्टर वापरतो, स्वस्त आणि नव्या कामाला उत्तम. पण जुन्या सेट झालेल्या फायबरवर आणि लाकडावर पॉलिएस्टरची पकड चांगली नाही, काही वर्षांनी पापुद्र्यासारखं सुटतं. दुरुस्तीला इपॉक्सी. पण इपॉक्सीबरोबर आमची नेहमीची चॉप मॅट (तुटक धाग्यांची चटई) घेऊ नका, तिच्यातला धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, मग मॅट कडकच राहते आणि आत हवा अडकते. विणलेलं किंवा शिवलेलं कापड घ्या, पंचेचाळीस अंशाचं बायअ‍ॅक्सियल (दोन तिरप्या दिशांच्या धाग्यांचं कापड) मिळालं तर सोन्याहून पिवळं.

आणि एक, कोणी पॉलिएस्टर करणार असेल तर कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधी मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच कॅटॅलिस्ट. शिकाऊ पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

गणिती_पुणे (२६ मे)

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, बोटीवर फक्त पाहुणा म्हणून जातो. पण 'जास्त मजबूत' म्हणजे किती, याचा हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही.

बोट साधारण १००० किलो धरली. कलल्यावर तिला सरळ करणारा हात (वजनाची रेषा आणि पाण्याच्या उचलीची रेषा यांतलं आडवं अंतर) ०.३५ मीटर धरला तर सरळ करणारा मोमेंट, म्हणजे फिरवणारा जोर, १००० × ९.८१ × ०.३५, म्हणजे सुमारे ३४०० न्यूटन मीटर. डोलकाठीपासून चेनप्लेट ०.९५ मीटरवर असेल तर वाऱ्याकडच्या बाजूला खालून ओढ ३६०० न्यूटन, साधारण ३६५ किलो. लाटेवर आपटणं, झोताचा धक्का यासाठी दुप्पट-अडीचपट धरा, वर टर्नबकलने दिलेला मूळ ताण. म्हणजे टनाच्या जवळ जाऊ शकतो. ४ मिमीची १×१९ तार (एकोणीस बारीक तारा पिळलेली) साधारण दीड टनाला तुटते. तत्त्व असं की तुटायचंच तर तार आधी तुटावी, तिचा जोड नाही. म्हणून जोड तारेच्या सव्वापट धरूया, १.९ टन, १८,५०० न्यूटन.

आता गंमत नाही, खरंच लक्ष द्या. एम८ चा (८ मिमी व्यासाचा) ३१६ स्टेनलेसचा बोल्ट कातरून तुटायला एकेक दीड टन घेतो, चार बोल्ट म्हणजे सहा टन. बोल्टला काहीच होणार नाही. प्रश्न भोकाच्या कडेचा आहे. बोल्टचा व्यास ८ गुणिले प्लायची जाडी १२, गुणिले चार बोल्ट, ३८४ चौरस मिमी. १८,५०० भागिले ३८४ म्हणजे ४८ न्यूटन प्रति चौरस मिमी. कोरड्या चांगल्या प्लायलाही हा दाब जास्त आहे, ओल्या प्लायची तर भोकं लांबट होणारच, तुमची झालीच आहेत.

त्याच जागी प्लायच्या दोन्ही बाजूंना ६-६ मिमी भरीव ग्लास-इपॉक्सी चढवलं तर जाडी २४ मिमी, आणि बोल्ट चारऐवजी सहा केले तर ६ × ८ × २४ = ११५२ चौरस मिमी. दाब १६ वर आला, एक तृतीयांश. आणि ग्लास लाकडापेक्षा कितीतरी जास्त दाब सोसतो. बोल्ट मोठे करून फार फायदा नाही, जाडी वाढवा. भोकं कडेपासून निदान तीन व्यास आत, एकमेकांपासून चार व्यास लांब, आणि एका उभ्या रेषेत सगळी न घेता थोडी नागमोडी, म्हणजे प्लाय एका रेषेत फाटणार नाही.

चेसापीककाठ (२६ मे)

गणिती, हे फारच छान मांडलंत. एक जोडतो, हिशेब बोल्टपर्यंत थांबवू नका. बोल्टने प्लाय ओढला, मग प्लायला कोण धरून ठेवतंय? तो हलला फायबरच्या पट्ट्यांनी चिकटवलेला असतो, त्याला इकडे टॅबिंग म्हणतात, आणि जुन्या बोटीत ते बऱ्याचदा सुटलेलं असतं. चेनप्लेट घट्ट, बोल्ट घट्ट, आणि अख्खं बल्कहेडच हलपासून वर उचललं जातंय असं मी पाहिलंय. जे-२४ ही बोट १९७७ पासून हजारोंनी बनली, तिच्यात चेनप्लेट बल्कहेडलाच आहेत आणि डेकची गळती पिऊन तेच बल्कहेड कुजणं हा जुन्या जे-२४ वाल्यांचा जगभरचा अनुभव आहे.

खारावारा (५ जून)

अपडेट. डोलकाठी तांडेलकाकांच्या सांगण्यावरून २६ लाच उतरवली, बोट ३० ला बाहेर आली. सगळ्यांचे मनापासून आभार, एवढ्या बारकाईने कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

दोन्ही चेनप्लेट काढल्या. डावीला डाय मारला, डेकच्या उंचीला चार खड्डे आणि एक रेघ. उजवीला, जी 'चांगली' होती, तिला दोन रेघा! म्हणजे उपटली डावी आणि तुटणार होती उजवी, जिच्या भरवशावर आम्ही घरी आलो. ते बघून आम्ही तिघेही बराच वेळ काही बोललो नाही.

प्लाय वरून साधारण ४० सेंटिमीटर कुजलाय डावीकडे, उजवीकडे २५. खालचा भाग टणक आहे. टॅबिंग डावीकडे डेकखालून पूर्ण सुटलंय, हाताने ओढलं तर निघालं, प्लायवरून अगदी स्वच्छ सुटलं म्हणजे कधी धरलंच नव्हतं नीट. आणि डेकचा बाल्सा कोअर (दोन फायबरच्या थरांमधलं हलकं लाकूड) फटीच्या भोवती काळा चिखल झालाय, वाकवलेला खिळा ड्रिलला लावून फिरवला तर ओला भुगा बाहेर आला, फटीपासून दीड-दोन इंच चहूकडे.

अडचण एकच, आता पाऊस दारात. इपॉक्सी पावसाळ्यात करावं का?

मांडवीतीर (५ जून)

गोव्यातून लिहितोय. माझं मत, लॅमिनेशन आत्ता करू नका. हवेत ओल असली की इपॉक्सीच्या पृष्ठभागावर मेणासारखा चिकट थर येतो, त्यावर पुढचा थर धरत नाही. तो पाण्याने आणि हिरव्या स्क्रबरने घासून निघतो, पण प्रत्येक थराला ते करत बसणार का? आणि मुख्य म्हणजे लाकूड. जुलैत मुंबईत कोरडा प्लाय म्हणजे काय? कोरडा वाटला तरी नाही.

आमच्याकडे दिवाडीच्या यार्डात लाकूड आणि इपॉक्सीच्या बोटी बांधल्यात, 'म्हादेई' तिथलीच, तीच घेऊन नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जग फिरून आले. पावसाळ्यात शेडमध्ये कामं चालतात, नाही असं नाही, पण ती बंद शेड, दिवे, माणसं रोज हजर. ताडपत्रीखाली शनिवार-रविवारी येऊन तसं होणार नाही. कापाकापी, खरवडणं, सुकवणं आत्ता करा. रेझिन ऑक्टोबरमध्ये.

फायबरवाला_मालवण (६ जून)

मांडवीतीरांशी अर्धा सहमत. आमचं निम्मं दुरुस्तीचं काम पावसातच होतं कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर, मालक तेव्हाच आणतात. हॅलोजन लावतो, जागा गरम करून मगच हात लावतो. पण ते पॉलिएस्टर आणि सुटं काम, गेलं तर पुढच्या वर्षी परत करता येतं. तुमचं काम एकदाच करायचं आहे आणि आत माणसं बसणार. थांबा.

खारावारा (६ जून)

ठरलं, थांबतो. पावसाळाभर कापणं आणि सुकवणं.

नवखी_शिडात (२ ऑगस्ट)

काम कुठवर आलं? मी रोज हा धागा उघडून बघते. आमच्या क्लबच्या डिंगीच्या (छोट्या बोटीच्या) चेनप्लेटभोवती पण तपकिरी डाग आहे, मी सरांना सांगितलं तर ते म्हणाले चांगलं पाहिलंस, आणि बोट बाजूला काढली.

खारावारा (३ ऑगस्ट)

ताई, हे वाचून फार बरं वाटलं.

काम चालू आहे. कुजलेला प्लाय ओसिलेटिंग टूलने कापला, खालचा चांगला भाग ठेवला. कड सरळ न ठेवता तिरकी तासली, १२ मिमीला ९६ मिमी म्हणजे आठास एक, त्यावर नवीन प्लाय तसाच तिरका तासून बसेल. हलवरचं जुनं टॅबिंग ग्राइंडरने उडवलं, जुना रंग, मळ, सगळं, हलचं फायबर दिसेपर्यंत. फायबरची धूळ म्हणजे काय ते कळलं, पहिल्या दिवशी साधा मास्क होता आणि रात्रभर खोकलो. दुसऱ्या दिवशीपासून फिल्टरवाला रेस्पिरेटर, अंगभर कपडे, बाह्यांना टेप. कोणी करणार असेल तर पहिल्या मिनिटापासून घाला.

डेकचा कोअर खरवडून आत एक ६० वॉटचा पिवळा बल्ब दिवसा लावून ठेवतो, रखवालदार बघतो. दोन महिने झाले, आता भुगा कोरडा येतोय.

चेनप्लेटचं स्टील सांगायचं राहिलं. कुंभारवाड्यात गेलो, ३१६ ची ६ मिमी पट्टी मागितली, तीन दुकानांत तिघांनीही '३१६च आहे साहेब' म्हणून दिली. चुंबक लावून कळेल असं वाटलं होतं, पण तसं नाही. ३०४ आणि ३१६ दोन्ही मुळात चुंबकाला धरत नाहीत, आणि कापलेल्या वाकवलेल्या जागी ३०४ थोडं धरतं, त्यामुळे काहीच सिद्ध होत नाही. खरा फरक मॉलिब्डेनमचा, ३१६ मध्ये २ ते ३ टक्के असतं, ३०४ मध्ये नसतं, आणि क्लोराइडपुढे तेच उभं राहतं. शेवटी तिन्हींचे छोटे तुकडे टेस्टिंग लॅबला दिले, त्यांनी धातू ओळखणारी गन लावून पाच मिनिटांत सांगितलं. एकच ३१६ निघाली. त्याच पट्टीतून दोन्ही चेनप्लेट कापून घेतल्या, जुन्यांपेक्षा ८० मिमी लांब म्हणजे सहा बोल्ट बसतील, भोकं लेथवाल्याकडून ड्रिल केली, कडा गोल करून आरशासारखं पॉलिश. पॉलिश शोभेसाठी नाही, खरबरीत जागेत मीठ धरून राहतं आणि खड्डा तिथूनच सुरू होतो. बोल्ट नागदेवी स्ट्रीटहून, डोक्यावर ए४-७० लिहिलेले बघून.

तांडेल६२ (३ ऑगस्ट)

शाब्बास. पट्टीचा कोन मात्र तपासलात ना? चेनप्लेट शराउडच्या रेषेतच हवी. शराउड आत झुकून वर जातो आणि पट्टी सरळ उभी असेल तर प्रत्येक लाटेला ती डेकपाशी थोडी वाकते-सरळ होते, वाकते-सरळ होते. तुमच्या उजव्या पट्टीच्या दोन रेघा मला त्याच वाटतात. आणि टर्नबकलखाली टॉगल (हलता जोड) घालाच, म्हणजे दोन्ही दिशांना हलायला जागा राहील.

खारावारा (४ ऑगस्ट)

काका, बरोबर ओळखलंत. उजवीकडे सात अंशांचा फरक निघाला. नवीन पट्टीला डेकच्या वर तेवढा बाक देऊन घेतो. टॉगल नव्हते, मागवले.

खारावारा (२६ ऑक्टोबर)

झालं! पूर्ण लिहितो, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

१० ऑक्टोबरपासून कोरडी हवा धरून सुरुवात केली. इपॉक्सी आपल्याकडे सहज मिळतं तेच घेतलं, १०० ग्रॅम रेझिनला १० ग्रॅम हार्डनर, वजनावर, दागिने मोजायच्या छोट्या काट्यावर. अंदाजाने ओतू नका, या प्रमाणात दोन ग्रॅमचा फरक म्हणजे वीस टक्के. आणि ऑक्टोबर हीटमध्ये एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त मिसळू नका, आम्ही ३०० केलं आणि मगातच धूर यायला लागला, ते बाहेर नेऊन वाळूत ओतलं. नंतर पसरट ट्रेमध्ये ओतायला लागलो, मग वेळ मिळतो.

आधी नवीन प्लायच्या सगळ्या कडांना पातळ इपॉक्सी दोनदा पाजलं, कडा पाणी सर्वात जास्त पितात. मग तिरक्या जोडाला सिलिका घालून घट्ट केलेलं इपॉक्सी लावून बसवला, हल आणि प्लायमध्ये मुद्दाम फोमची पट्टी ठेवली म्हणजे प्लायची धार हलला टोचणार नाही. कोपऱ्याला बोटाच्या टोकाएवढी गोलाई भरली, कारण कापड काटकोनात वळत नाही, तिथे हवा राहते. त्यावर टॅबिंग, ६०० ग्रॅमचं बायअ‍ॅक्सियल, पहिला थर ५० मिमी, मग ७५, १००, १५०, प्रत्येक आधीच्याच्या पुढे हलवर पसरणारा, म्हणजे ओढ एका रेषेत न जाता पसरते. चारही थर ओल्यावर ओले, म्हणजे आधीचा सुकायच्या आत पुढचा, त्यामुळे मधे घासायची गरज पडली नाही.

मग चेनप्लेटच्या जागी दोन्ही बाजूंना आठ-आठ थर, गणितींचे ६ मिमी भरण्यासाठी. हे दोन दिवसांत केलं, एका दिवसात सोळा थर चढवले तर उष्णतेने बिघडलं असतं. दुसऱ्या दिवशी आधी पाण्याने धुऊन, घासून, मग पुढचे. खाली हल आणि डेकपर्यंत तेच थर निमुळते करत नेलेत, अचानक जाडी संपत नाही.

डेकच्या फटीचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कोअर जिथून खरवडला ती पोकळी खालून टेप लावून बंद केली आणि घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरली. सुकल्यावर त्या भरीव इपॉक्सीतच नवीन फट कापली, पट्टीपेक्षा चारही बाजूंनी दोन मिमी मोठी. आता तिथून पाणी गळलं तरी केबिनमध्ये येईल, कोअरमध्ये जाऊ शकत नाही. आणि बल्कहेडच्या भोकांनाही तसंच, १२ मिमीच्या ड्रिलने मोठी पाडली, इपॉक्सीने भरली, मग ८ च्या ड्रिलने परत पाडली. कच्च्या लाकडाला कुठेही बोल्ट लागत नाही.

नवखी_शिडात (२६ ऑक्टोबर)

फटीत मग सीलंट कोणतं? घट्ट चिकटणारं पॉलियुरेथेन का नाही?

खारावारा (२६ ऑक्टोबर)

ताई, तेच आम्हालाही वाटलं होतं, चेसापीककाठ यांनी फोनवर अर्धा तास समजावलं. चेनप्लेट थोडी हलतेच, कितीही घट्ट केली तरी. कडक चिकटणारं सीलंट एका कडेने सुटतं, वरून दिसत नाही आणि आत पाणी धरून ठेवतं, म्हणजे स्टीलला हवा न मिळणारी तीच जागा परत. आणि पुढच्या वेळी पट्टी काढायची तर डेक फोडावं लागेल. म्हणून ब्युटिल टेप, मळलेल्या कणकेसारखी फटीत दाबली, वरून कव्हर प्लेट. ती वर्षानुवर्षं मऊ राहते, ताणली जाते, हवी तेव्हा निघते. सिलिकॉन तर नकोच, ते एकदा लागलं की त्या जागी पुढे दुसरं काहीच नीट धरत नाही, आमचं जुनं काढायला दोन दिवस गेले.

बोल्टांच्या मागे स्वतंत्र वॉशर न देता ४ मिमीची ३१६ चीच अखंड प्लेट, कोपरे गोल. आट्यांना लॅनोलिन ग्रीस, नाहीतर स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर मधेच जाम होतो, पुढेही नाही मागेही नाही. नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले), बाहेर निदान दोन आटे दिसतील असे.

आणि लायनिंग परत स्क्रूने पक्कं केलं नाही. चेनप्लेटसमोर हातभर लांबीची झडप केली, वेल्क्रोवर. मागे पांढरा रंग, म्हणजे तपकिरी थेंब आला तर त्याच दिवशी दिसेल.

गणिती_पुणे (२७ ऑक्टोबर)

ती झडप या सगळ्या कामातला मला सर्वात आवडलेला भाग. पुलांनाही आम्ही आता तपासणीसाठी जागा ठेवतो, पूर्वी ठेवत नसत. पाण्याची चाचणी केलीत का?

खारावारा (२७ ऑक्टोबर)

केली. आत टिश्यू पेपर चिकटवून डेकवर होज अर्धा तास. दोन्हीकडे कोरडे.

खारावारा (१६ नोव्हेंबर)

काल डोलकाठी उभी केली आणि आज पहिली फेरी, थळपर्यंत जाऊन आलो. वारा बारा-चौदा नॉट. ताण असा लावला की बोट पंधरा-वीस अंश कललेली असताना खालच्या बाजूचा शराउड हाताला अगदी किंचित ढिला लागतो, काकांनी हेच सांगितलं होतं. जाताना दर अर्ध्या तासाने एकजण आत जाऊन झडप उघडून टॉर्चने बघत होता. बोल्टांवर मार्करने रेघा मारल्या होत्या, परत आल्यावर डावीकडचे दोन नट पाव वळसा आवळावे लागले, बाकी जागच्या जागी. पुढच्या दोन फेऱ्यांनंतर परत बघणार.

स्टेमहेड फिटिंग पण काढली होती, तिचे चारातले दोन बोल्ट कमरेत झिजून शिसपेन्सिलच्या टोकासारखे झाले होते. बॅकस्टेचं अजून राहिलंय, ते पुढच्या शनिवारी.

तांडेल६२ (१६ नोव्हेंबर)

शनिवारी मी येतो. सकाळी लवकर करा, नऊच्या आत, आणि बॅकस्टे सोडायच्या आधी मेनचा हॅलियार्ड मागे ट्रान्समला (बोटीच्या मागच्या भिंतीला) बांधून ताणून ठेवा.